पाच दोऱ्यांवरचं वाचन

मी दांडीची, तारापूरजवळच्या. जन्म पण दांडीचा आणि दिलं पण दांडीतच, माहेरच्या ओट्यावरून हाक मारली तर सासरच्या चुलीपाशी ऐकू जाईल एवढंच काय ते अंतर, त्यामुळे सासरी जाताना मला धड रडायला पण कुणी दिलं नाय, आय म्हणायची, रडतेस कशाला गं, चार घरं तर ओलांडलीस. आमी मांगेले, बापाची होडी होती, आमी चार बहिणी, मी शेंडेफळ, नाव हिरा. शाळा म्हणाल तर शाळेचं छप्पर तेवढं बाहेरून पाहिलेलं. सकाळी होड्या लागल्या की टोपली, मंग बाजार, मंग बोंबील वाळत घालायचे, मंग काढायचे, ह्यात शाळेला वेळ कुठला, आणि पोरीला शिकवून काय कलेक्टर करायची हाय का, असं तेव्हा बोलायचे. आता नाय बोलत कुणी. आता सगळ्या पोरी शिकतात, बरं वाटतं बगून.

नवरा जानू. माणूस वाईट नव्हता, हसरा होता, आणि हसऱ्या माणसाचं असं असतं की तो जाईल तिथली माणसं त्याला लगेच आपलं म्हणतात. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मुंबईला मोठ्या बोटीवर कामाला गेला. पयल्यांदा दिवाळीला आला, मंग शिमग्याला आला, मंग नुसते निरोप यायला लागले, मंग निरोप पण नाय. गावातल्या एकाने येऊन सांगितलं, त्याने तिकडं दुसरं घर केलंय. मंग मी कोण? सवाष्ण म्हणावं तर नवरा घरात नाय, विधवा म्हणावं तर नवरा जिता. हळदीला हिला बोलवायचं की नाय ते बायकांना कळेना, म्हणून त्या बोलवायच्याच नाय. काय सांगू तुमाला, कुणी भांडलं नाय, कुणी वाकडं बोललं नाय, नुसतं माजं दार आलं की हाक पुढच्या दाराला जायची. भांडण परवडलं असतं.

घरात मी आणि सासू, दोगीच. सासूला सगळे गोमाबाय म्हणायचे. तिची जीभ म्हणजे कोयता. मला म्हणायची, तुला नवरा सांबाळता आला नाय. मी म्हणायची, तुमाला लेक सांबाळता आला का? मंग थोड्या वेळाने तीच म्हणायची, भात वाढ. असा आमचा संसार.

तेवढ्यात ते ऍटमचं काम सुरू झालं तारापूरला. पासष्ट-सहासष्ट साल असंल, मला साल नीट सांगता येणार नाय. बोईसरला गाडीने माणसं उतरायची, कुठली कुठली भाषा बोलणारी, आणि त्यांच्यात गोरे साहेब पण, अमेरिकेचे. त्यांच्यासाठी कॉलनी केली, सारखी घरं, पुढं गवत लावलेलं. आमी म्हणायचो, गवत कशाला लावतात, गाय तर नाय बांधलेली. मी तिथं मासळी घेऊन जायची. एका बंगल्यातल्या मडमेने एकदा पापलेट घेतलं आणि मला हाताने खूण केली की साफ करून दे, मी पायरीवर बसून साफ करून दिलं, पायरी पण धुऊन दिली, तर दुसऱ्या दिवशी तिच्या कुकने मला सांगितलं, मेमसाब पूछती है, काम करेगी क्या, झाडू-पोछा? हा कुक उत्तरेकडचा, मिश्रा नावाचा, मासळी बनवायचा पण नाक मुरडून. मी हो म्हटलं. गावात बसून हाक पुढच्या दाराला जाताना ऐकण्यापेक्षा बरं.

मडमेचं नाव रूथ. मी रूथबाय म्हणायची, ती मला हीरा म्हणायची, हि लांब ओढून. चाळिशीची असंल. एक मुलगी, ती तिकडंच त्यांच्या देशात शाळेत राहायची, फोटो होता भिंतीवर. साहेब सकाळी जायचा तो अंधार पडल्यावर यायचा. दिवसभर ती बाय खिडकीशी. मला बगून वाटायचं, हिला पण कुणी हाक मारत नाय.

आणि तिच्या घरात तो बाजा. पियानो म्हणतात ते नंतर कळलं, मी बाजाच म्हणायची. केवढं ते धूड, कपाटासारखं, बोटीतून आणलेलं. मला पयल्या दिवशी वाटलं ह्यात कपडे ठेवतात. मंग ती बसली आणि वाजवलं. मी पोछा मारत होते, हातातलं फडकं तसंच राहिलं, पाणी सगळं माज्या लुगड्यात.

तो बाजा पुसायचं काम माजं. पुसताना फडक्याखाली पट्टी दाबली जायची आणि आवाज यायचा, मी दचकून इकडंतिकडं बगायची. मंग मुद्दाम दाबायला लागले. एक इकडची, एक तिकडची. एक दिवस मागं बगते तर रूथबाय दारात उबी. मी म्हटलं गेलं काम. ती आली, स्टूल ओढलं, म्हणाली, बैठो. तिला हिंदी येत होतं ते जेमतेम, बैठो, आओ, पानी, ठीक. मला पण तेवढंच. त्या चार-पाच शब्दांवर आमी दोन वर्षं काढली, बगा.

तिने लेकीचं लहानपणीचं पुस्तक काढलं, शिकाऊ पोरांचं, वर बदकाचं, सशाचं चित्र आणि खाली पाच रेघा, रेघांवर काळे गोळे. मी मान हलवली, मला वाचता येत नाय, अंगठा दाखवला तिला. तर ती हसली, आणि एका गोळ्यावर बोट ठेवलं आणि एक पट्टी दाबली, दुसऱ्या गोळ्यावर बोट आणि दुसरी पट्टी. गोळा वर चढला की आवाज वर चढतो. एवढंच? मला म्हणे वाचायला येत नाय, आणि हे तर मी जन्मापासून बगते. आमची वलांडी नाय का, बोंबील वाळवायची, बांबू रोवायचे आणि दोऱ्या ताणायच्या एकावर एक, आणि त्यावर बोंबील टांगायचे. पाच दोऱ्या आणि त्यावर मासे, कागदावर तेच तर होतं. कुठला मासा कुठल्या दोरीवर ते मला लांबून दिसतं, मला कशाला शिकवायला पाहिजे.

नावं मात्र डोक्यात राहीनात. ती सांगायची सी, डी, ई, मी घरी येईपर्यंत सगळं सांडायचं. मंग मी माजी नावं लावली. सी ती सुरमय, डी तो दाढा, जी ती घोळ, बी तो बोंबील. ए, ई, एफला मासा सापडला नाय, ते बिचारे तसेच राहिले. रूथबाय म्हणायची जी, मी मनात म्हणायची घोळ, आणि बोट बरोबर जायचं. मधली सुरमय पाच रेघांत बसत नाय, ती खाली, एकटीच, स्वतःपुरता रेघेचा एक तुकडा घेऊन. ती दिसली की मला लगेच ओळखू यायची.

आता एक गंमत सांगते, माजी चूक. पुस्तकात पुढं गेल्यावर दोन गोळे यायला लागले, त्यांच्या काड्या वरून एका जाड आडव्या रेघेने जोडलेल्या. आता बोंबील आमी एकेक टांगत नाय. दोन घ्यायचे, एकाच्या तोंडात दुसऱ्याचं तोंड अडकवायचं आणि ती जोडी दोरीवर टाकायची, एक इकडून लोंबतो, एक तिकडून. एकटा बोंबील दोरीवर राहतच नाय, पडतो. म्हणून मी म्हटलं ही जोडी. आणि दोन्ही पट्ट्या एकदम दाबल्या. रूथबाय म्हणाली, नो. मी परत दाबल्या, एकदम. ती म्हणाली, एक, फिर एक. मी म्हटलं जोडी हाय, एक आदी कसा वाजंल, दोन्ही एकदम टांगलेत ना? ती तिच्या भाषेत बोलते, मी माज्या भाषेत भांडते, मिश्रा स्वयंपाकघरातून म्हणतो, अरे क्या हुआ, बिल्ली आयी क्या. तीन दिवस तेच. मी आयकीना. माजं पण डोकं मासळीवालीचंच, एकदा म्हटलं की म्हटलं.

चौथ्या दिवशी मी तिला हाताने खूण केली, चल. ती खरंच निघाली. साहेबाची जीप घेऊन दांडीला आली, थंडीचे दिवस, किनाऱ्यावर सगळ्या वलांड्या भरलेल्या, वास तर असा की तिने रुमाल नाकाला लावला, मंग माज्याकडं बगून काढला. बायका कामं टाकून जमल्या. गोमाबाय कमरेवर हात ठेवून पुढं आली, तिला वरपासून खालपर्यंत बगितलं आणि म्हणाली, ही गं कशी, चार दिवस वाळत घातल्यासारखी? सगळ्या हसल्या. रूथबायला वाटलं स्वागत करतात, तिने हात जोडले. सासूने पण जोडले, काय करणार.

मी तिला जोडी दाखवली. ही बग, एका तोंडात दुसरं तोंड. तिने वाकून बगितलं, खूप वेळ. मंग काय केलं असंल? ती दोरीच्या टोकाला गेली आणि चालायला लागली, हळूहळू, एकेका बोंबलावर बोट लावत, आणि प्रत्येक बोटाला एक सूर काढत. ला, ला. एकटा पडू नये म्हणून अडकवलेली प्रत्येक जोडी ला-ला, लागोपाठ, एक आदी, एक नंतर. गोरी बाय बोंबलांना गाणं म्हणत चाललेली, बायका हसून हसून वाळूत बसल्या. गोमाबाय म्हणाली, बोंबील सगळे पळतील आता समुद्रात. पण मला हसू आलं नाय. मला कळलं. मी लांब उबी राहून बगत होते म्हणून मला जोडी दिसत होती, पण चालणाऱ्याला जोडी एकदम लागत नाय. आदी एक लागतो, तो मागं राहतो, मंग दुसरा. वाचायचं म्हणजे चालायचं. मी त्या दिवशी वाचायला शिकले.

त्यानंतर मी झरझर पुढं गेले. डाव्या हातासाठी खाली आणखी पाच रेघा असतात, त्या पण यायला लागल्या. काम आटपलं की रोज तासभर. आणि मंग एक दिवस मिश्रा मला म्हणाला, हीराबाई, एक बात बोलूं? साहब बोलता है तू पढ़ती-वढ़ती नहीं, मेमसाब का सुनके बजाती है, मैना के माफिक. तो हसत हसत बोलला, त्याला वाटलं गंमत. पण मला ते माशाच्या काट्यासारखं लागलं. कारण मलाच खात्री नव्हती ना. रूथबाय आदी एकदा वाजवून दाखवायची, मंग मी वाजवायची. खरंच मी कागद वाचत होते की कानाने उचलत होते? जन्मभर सगळ्यांनी मला सांगितलं, तुला येत नाय. एकच गोष्ट येते असं वाटलं होतं, तर ती पण नाय की काय.

रूथबायला पण साहेबाचं बोलणं लागलं. तिने एक कागद घेतला, स्वतः पट्टी लावून रेघा मारल्या आणि हाताने गोळे काढले, स्वतःच्या मनाने. एक पानभर. वाजवला नाय. माज्यासमोर तर नायच, कदीच नाय. मला खुणेने सांगितलं, रविवारी, साहेबासमोर, तू. वर कोपऱ्यात काहीतरी अक्षरं लिहिली होती, मी म्हटलं माजं नाव असंल. मनात इतकं बरं वाटलं, माजं नाव लिहिलेलं मी तोपर्यंत कदी बगितलं नव्हतं.

आषाढ होता. आमच्या किनाऱ्याची हवा अशी, मीठ ओलं होतं, काडी पेटत नाय, लाकडाचं दार चौकटीत अडकतं. रविवारी मी धुतलेलं लुगडं नेसून गेले. साहेब खुर्चीत बसला, चहा घेऊन, चांगला माणूस होता तसा. मी बसले, कागद समोर. पयली ओळ सुरू केली आणि घोळ दाबली, ती वर येईना. लाकूड फुगलेलं. पुढं आणखी एक तशीच बसली. मंग तिसरी. दाबते तर आवाज नाय, आणि आवाज नाय तर पुढचं लागत नाय. मी थांबले. हात पट्ट्यांवर तसेच. मला सांगायचं होतं, साहेब, मला येतं, पट्टी अडकलीय, पण ते कुठल्या भाषेत सांगू? साहेब उठला, गोड हसला, म्हणाला, थँक्यू, थँक्यू, आणि आत गेला. रागावला असता तर चाललं असतं. रूथबाय माज्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, बाजा खराब. तुम ठीक. तिला माहीत होतं, मला पण माहीत होतं, पण ठरलं काहीच नाय.

मुंबईहून दुरुस्तीवाला येणार होता. तो यायच्या आत साहेबाचं काम संपलं, बदली आली, खोके आले, बाजा लाकडाच्या पेटीत घातला आणि चौदा माणसांनी ट्रकवर चढवला. रूथबायने जाताना मला गळ्याशी धरलं, तो कागद दिला, आणि बोलायला बगितलं, पण तिचे ते चार-पाच शब्द, बैठो, आओ, पानी, त्यातला एक पण जायच्या वेळेचा नव्हता. शेवटी म्हणाली, ठीक. मी पण म्हटलं, ठीक.

मी परत टोपली उचलली.

आता माज्याकडं कागद आणि जवळ वाजवायला काय नाय. बाजा सोडा, साधी पेटी पण गावात भजनाच्या मंडळाकडं, तिला बाईने हात कशाला लावायचा. मी दुपारी सासू झोपली की कागद काढायची आणि नुसती वाचायची. पयल्यांदा काय ऐकू येईना. मंग हळूहळू डोक्यात वाजायला लागलं. एक ओळ, मंग दुसरी. सगळं पान डोक्यात पुरं व्हायला वर्ष गेलं असंल. पण बरोबर की चूक, विचारणार कुणाला? कॉलनीत नवीन माणसं आली, आपलीच, वऱ्हाडातली, सांगलीकडची, चांगली माणसं, मासळी घ्यायची, पण त्यांना जाऊन काय सांगू, मी टोपलीवाली, मला असं असं वाचता येतं? वेडी म्हणाले असते. गावात बहिणीला एकदा सांगितलं, ती म्हणाली, हिरा, तू जेवतेस ना गं वेळेवर?

माजी बोटं फळीवर हलायची ते सासूने बगितलं. म्हणाली, बोटांना वारं झालं काय, तेल लाव. पण तिच्या शेवटच्या दुखण्यात, दुपारची वेळ, मी तिच्या पायाशी बसले होते आणि गुणगुणत होते, माज्या ध्यानात पण नाय, तर ती डोळे मिटूनच म्हणाली, पुरं झालं का ते? मी म्हटलं, नाय, दोन ओळी राहिल्या. म्हणाली, मंग म्हण की, अर्धं कशाला टाकतेस. मी म्हटलं. पुरं ऐकलं तिने. म्हणाली, ह्यात शब्द नायत होय? मी म्हटलं, नाय. बरं हाय, म्हणाली, शब्दांचा कंटाळा आला. त्या आठवड्यात गेली. जानूला निरोप धाडला, तो आला नाय.

मंग मी एकटीच. किती वर्षं ते मोजलं नाय. मदे साक्षरतेचा वर्ग निघाला तेव्हा मी पयली जाऊन बसले, मराठी अक्षरं शिकले, सही करते, पेपर वाचते, सगळा वाचते, लग्नाच्या जाहिराती पण. मास्तर म्हणाले, आजी, तुमी सगळ्यांच्या आदी कशा शिकलात? मी पाटीवर पुढचं अक्षर काढलं.

आता गेल्या गणपतीची गोष्ट. माज्या बहिणीची नात, स्वाती, बोईसरला पोरांना कीबोर्ड शिकवते. चार दिवस माज्याकडं आली, वही आणि ते वाजवायचं घेऊन. वही खाटेवर उघडी ठेवून ती आंघोळीला गेली, मी उचलली आणि बगत बगत गुणगुणायला लागले. ती ओल्या केसांनी बाहेर, आजी, हे तुला कुणी शिकवलं? मी काय सांगणार, एवढं सगळं? मी उठले, पत्र्याची पेटी उघडली आणि कागद दिला तिच्या हातात. पिवळा पडलेला, घड्यांवर फाटायला आलेला. म्हटलं, वाजव.

खोटं नाय बोलत, मला भीती वाटली. इतकी वर्षं डोक्यात जे वाजतंय ते जर हे नसलं तर? मंग मी एवढी वर्षं काय वाचलं? एकदा वाटलं, हिसकून घ्यावा.

तिने वाजवलं. पयली ओळ, तीच. दुसरी ओळ, तीच. मी तिच्या मागं उबी, सूर यायच्या आदी मला माहीत, आता खाली उतरणार, आता परत येणार. तिसऱ्या ओळीत ती भरकन पुढं गेली आणि माज्या तोंडून निघालं, नाय गं, चुकलीस, थांब तिथं. ती म्हणाली, कुठं आजी? मी म्हटलं, त्या गोळ्याच्या बाजूला टिंब हाय, टिंब असलं की आणखी अर्धं थांबायचं. तिने कागद उजेडाला धरला. टिंब फिकट झालेलं, घडीत गेलेलं, तिला दिसलं नव्हतं. बगत राहिली. मंग म्हणाली, आजी, तुजं बरोबर हाय.

बस. हे एक वाक्य ऐकायला मी किती वर्षं थांबले ते तुमीच मोजा. मी खाली बसले. आनंद झाला का? झाला. पण ऐकायला कुणी नव्हतं हो. साहेब नाय, रूथबाय असंल-नसंल, मिश्रा नाय, सासू असती तर म्हणाली असती, मंग आता भात वाढ.

मी स्वातीला म्हटलं, वर कोपऱ्यात काय लिहिलंय ते वाच, माजं नाव हाय. कुणाकडून कदी वाचून घेतलं नव्हतं, कागदच कुणाला दाखवला नाय तर वाचणार कोण. तिने वाचलं आणि माज्याकडं बगितलं. म्हटलं, वाच ना. म्हणाली, आजी, इथं इंग्रजीत हळू असं लिहिलंय, हळू वाजवायचं म्हणून. मी म्हटलं, आणि नाव? म्हणाली, नाव नाय आजी कुठं. मी मागं उलटून बगितलं, मागं कोरंच.

मला हसू पण आलं आणि जरा लागलं पण. स्वाती चांगली पोर, लगेच पेन काढलं, म्हणाली, मी लिहू का तुजं नाव वर? मी म्हटलं, तू कशाला, आण इकडं. चश्मा लावला आणि लिहिलं, हिरा. वेलांटी जरा लांब झाली, पयल्या रेघेला लागली, लागू दे.

स्वाती दुसऱ्या दिवशी गेली, तिला शिकवण्या असतात. घर परत माजं माजं. आता गुडघे चालत नायत, किनाऱ्यावर जात नाय, ओट्यावर बसते, येणारा-जाणारा बोलतो, काय आजी, बरं हाय ना? मी म्हणते, बरं हाय. आणि असतं पण. तुमी एवढ्या लांबून आलात, माजं बोलणं लिहून घेतलंत, उन्हाचं जाऊ नका, चहा ठेवते, बसा. तुमच्या पोरीबाळींना सगळं वाचता येवो, आणि त्यांचं वाचलेलं ऐकायला शेजारी कुणीतरी असो, एवढंच मागते मी देवाकडं.